जाहिरात एक सांगते, पॅक दुसरंच: ब्रँडचं सगळं बोलणं एका सुरात कसं आणायचं

रोजच्या वापरातला कुठलाही ब्रँड घ्या. त्याची व्हिडिओ जाहिरात बघा, मग सोशल मीडिया पेज उघडा, मग वेबसाइट, मग दुकानात शेल्फवरचा पॅक हातात घेऊन मागची बाजू वाचा आणि शेवटी कस्टमर केअरला एक साधा प्रश्न विचारा. एखाद-दोन ठिकाणी तरी वाटतंच की अरे, ही कंपनीच वेगळी आहे का काय. जाहिरातीत हळवी गोष्ट, पेजवर चालू ट्रेंडचे मीम, वेबसाइटवर 'फक्त आज सूट' असा लाल पट्टा, पॅकवर शास्त्रीय शब्दांचा ढीग, आणि कस्टमर केअरच्या माणसाला जाहिरातीत काय कबूल केलंय तेच माहीत नाही. प्रत्येकाने आपापलं काम मन लावून केलेलं असतं, फक्त एकमेकांशी कोणी बोललेलं नसतं.

गिऱ्हाईक काही जाहिरात खातं, सेल्स खातं, सोशल मीडियाची एजन्सी असे कप्पे करून बघत नाही. त्याच्यासाठी तो एकच ब्रँड. ठिकठिकाणी जे दिसतं, ऐकू येतं ते जुळत असेल तर थोडंथोडं साठत जातं आणि जुळत नसेल तर साठतच नाही, म्हणजे पाच ठिकाणी खर्च करून पाच वेळा शून्यापासून सुरुवात. खरं नुकसान इथे आहे.

इंटिग्रेटेड मार्केटिंग कम्युनिकेशन, सगळे आयएमसी म्हणतात, हा प्रकार याच दुखण्यावर आला. अमेरिकेत जाहिरात, पीआर म्हणजे प्रसिद्धीचं काम, सेल्स प्रमोशन म्हणजे सूट-ऑफर, डायरेक्ट मेल म्हणजे थेट गिऱ्हाइकाला पाठवलेली पत्रं ही कामं वेगवेगळ्या लोकांकडे विखुरली होती, १९८९ मध्ये तिथल्या जाहिरात एजन्सींच्या संघटनेने आयएमसीची व्याख्या मांडली आणि नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीतले डॉन शुल्ट्झ यांनी पुढे तो विषय शिकवण्याच्या आणि वापरण्याच्या पातळीवर आणला. शुल्ट्झ यांचा एक मुद्दा मला आजही सगळ्यात कामाचा वाटतो, तो म्हणजे सुरुवात आपल्या बजेटपासून करू नका, गिऱ्हाईक ब्रँडला कुठे कुठे भेटतं तिथून करा आणि मग मागे मागे येत ठरवा काय बोलायचं ते.

एक गैरसमज आधीच बाजूला काढू. सगळीकडे तोच फोटो, तोच फॉन्ट, तीच टॅगलाइन चिकटवली की इंटिग्रेशन झालं असं बरेच जण धरून चालतात. त्याने ओळख तयार होते हे खरं, पण ते काम सोपं आहे, डिझायनर एका आठवड्यात करून देईल. अवघड भाग असा की कबूल केलेली गोष्ट एकच राहिली पाहिजे आणि तरी प्रत्येक माध्यमाने वेगळं काम केलं पाहिजे. हे दोन्ही एकाच वेळी कसं जमवायचं ते पुढे सांगतो, आणि समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक सनस्क्रीन सगळीकडे उदाहरणाला घेतो.

आधी भेटीगाठींची यादी

मोठा कागद घ्या किंवा शीट उघडा आणि गिऱ्हाईक ब्रँडला जिथे जिथे भेटतं ते सगळं लिहा. फक्त पैसे देऊन केलेल्या जाहिराती नाही, सगळं. व्हिडिओ, होर्डिंग, सर्चमध्ये येणारा रिझल्ट, ऑनलाइन दुकानातलं प्रॉडक्टचं पान आणि त्याखालचे रिव्ह्यू, शेल्फ, पॅक, पॅकमधली घडीची चिठ्ठी, डिलिव्हरीचा खोका, बिलासोबत येणारा मेसेज, तक्रार केल्यावर येणारं उत्तर, दुकानदार तोंडाने काय सांगतो ते, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगतं ते. तीन रंग वापरा: आपण पैसे मोजतो ते, आपल्या स्वतःच्या मालकीचं आहे ते, आणि लोक आपणहून बोलतात ते. पेड, ओन्ड, अर्न्ड म्हणतात ते हेच.

आता प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा, तिथे सध्या आपण नक्की काय म्हणतोय आणि ते कोण ठरवतं. दुसरा रकाना भरताना खरी गंमत कळते कारण पॅकवरचा मजकूर प्रॉडक्ट टीमने कधीतरी लिहिलेला असतो, ऑनलाइन पानावरचा ई-कॉमर्स टीमने, रिव्ह्यूंना उत्तरं बाहेरची कंपनी देते आणि दुकानदाराला काय सांगायचं हे सेल्सचा माणूस गाडीत बसल्या बसल्या ठरवतो. हा रकाना भरायचा कंटाळा करू नका, पुढची सगळी भांडणं कुठे होणार आहेत ते इथेच दिसतं.

मग एक वाक्य

वाक्य म्हणजे टॅगलाइन नाही. टॅगलाइन बाहेरच्यांसाठी असते, हे वाक्य आतल्यांसाठी. आपण गिऱ्हाइकाला नेमकं काय कबूल करतोय ते साध्या भाषेत. आपल्या सनस्क्रीनसाठी समजा असं: 'लावल्यावर चेहऱ्यावर पांढरा थर दिसत नाही, त्यामुळे रोज लावायचा कंटाळा येत नाही.' झालं. त्यात 'नावीन्य', 'विश्वास', 'आयुष्य उजळवणारं' असलं काही नको, कारण असे शब्द सनस्क्रीनला लागू पडतात तसे विमा कंपनीलाही लागू पडतात.

वाक्य बरोबर आहे का हे तपासायचे माझे तीन प्रश्न असतात. प्रतिस्पर्ध्याने आपलं नाव काढून स्वतःचं टाकलं तर चालेल का? चालत असेल तर वाक्य अजून ढोबळ आहे. कस्टमर केअरच्या माणसाला फोनवर ते वापरता येईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रॉडक्ट वापरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ते खरं ठरतं का? तिसऱ्या प्रश्नाला नाही आलं तर कॅम्पेन थांबवा आणि प्रॉडक्टकडे बघा, कारण चांगली जाहिरात वाईट अनुभव जास्त लोकांपर्यंत पोचवते एवढंच होतं.

वाक्य चांगलं सापडलं की किती दूर जातं हे स्निकर्स या चॉकलेट ब्रँडकडे बघून कळतं. २०१० मध्ये त्यांनी धरलेली कल्पना होती की भूक लागली की माणूस स्वतःसारखा वागत नाही. पहिली गाजलेली जाहिरात सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलमध्ये आली, त्यात मैदानात खेळणारा मुलगा भुकेमुळे चक्क वयस्कर अभिनेत्री बेटी व्हाइट झालेला दिसतो. पण ही कल्पना जाहिरातीपुरती राहिली नाही. पुढे त्यांनी रॅपरवरचं स्वतःचं नाव काढून तिथे भुकेल्या माणसाच्या मूडचे शब्द छापले, म्हणजे पॅकच बोलायला लागला. आणि २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात इंटरनेटवरच्या लोकांचा मूड मोजणारी एक सिस्टिम बनवली, लोक ऑनलाइन जितके चिडलेले तितका सेव्हन-इलेव्हन दुकानात चॉकलेटचा भाव कमी. हे शेवटचं नीट बघा. सवलत म्हटली की बहुतेक ब्रँड आपली कल्पना विसरतात आणि लाल पट्टा लावून मोकळे होतात, इथे सवलतसुद्धा त्याच कल्पनेतून निघाली. सेल्स प्रमोशन आणि ब्रँड यांचं वैर असतंच असं नाही, ते आपण आळसाने लावून देतो.

काय बदलायचं नाही ते ठरवून टाका

नवीन मार्केटिंग हेड आला की त्याला काहीतरी बदलायचं असतं, एजन्सी बदलली की तिला बदलायचं असतं, आणि आतल्या लोकांना तर ब्रँडचा रंग, लोगो, जिंगल रोज बघून ऐकून वीट आलेला असतो. गिऱ्हाइकाला मात्र वीट येण्याइतका त्याने तो बघितलेलाच नसतो, त्याची आत्ता कुठे नीट ओळख झालेली असते.

ट्रॉपिकानाचं २००९ चं प्रकरण या बाबतीत प्रत्येकाने एकदा नीट अभ्यासावं. तेव्हा पेप्सिकोचा असलेल्या या ज्यूस ब्रँडच्या पॅकवर एक चित्र होतं, संत्र्यात थेट खुपसलेला स्ट्रॉ. जानेवारीत नवीन डिझाइन आलं, त्यात संत्रं आणि स्ट्रॉ गेले आणि काचेच्या ग्लासात ज्यूस आला, नाव आडवं होतं ते उभं झालं, झाकण मात्र अर्ध्या संत्र्याच्या आकाराचं केलं होतं, ती कल्पना छान होती. सोबत मोठं जाहिरात कॅम्पेनही होतं. झालं काय तर लोक शेल्फसमोर उभे राहून आपला नेहमीचा पॅक शोधायचे आणि तो सापडायचा नाही, काहींना ते दुकानाचं स्वतःचं स्वस्त लेबल वाटलं. दोन महिन्यांच्या आत विक्री साधारण २० टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारी संपायच्या आत कंपनीने जुना पॅक परत आणायचं जाहीर केलं. आतला ज्यूस तोच होता बरं का. यातून मी घेतो ते असं की पॅक हे सुद्धा माध्यम आहे आणि कितीतरी ब्रँडसाठी ते सगळ्यात जास्त डोळ्यांखालून जाणारं माध्यम आहे. बाहेर कॅम्पेन कितीही जोरात असलं तरी शेल्फवर ओळखीची खूण नसेल तर ती साखळी नेमकी पैसे देण्याच्या क्षणी तुटते.

म्हणून एका पानावर लिहून ठेवा: हा रंग, हा आकार, हा आवाज, हे चिन्ह पुढची काही वर्षं हलवायचं नाही. पाच-सहापेक्षा जास्त नको. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या इंटेलने १९९१ मध्ये 'इंटेल इनसाइड' सुरू केलं, कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरात खर्चातला वाटा उचलला आणि बदल्यात आपलं चिन्ह त्यांच्या जाहिरातीत लावून घेतलं, आणि १९९४ पासून ती छोटीशी सुरावट जोडली. चिप गिऱ्हाइकाला दिसत नाही, हातात येत नाही, तरी नाव घरोघरी गेलं, ते असं चिवटपणे एकच खूण वापरल्यामुळे. तुमच्याकडे अशी खूण कुठली आहे हे कळत नसेल तर जाहिरातीतून नाव झाकून अनोळखी लोकांना दाखवा आणि विचारा ही कोणाची. उत्तर येत नसेल तर खूण अजून तयार झालेली नाही.

प्रत्येक माध्यमाला त्याचं काम

आता मजेचा भाग, म्हणजे वाक्य तेच पण काम वेगळं. आपली सनस्क्रीन घ्या. छोट्या व्हिडिओ जाहिरातीचं काम एवढंच की प्रॉब्लेम आठवून देणं, फोटो काढताना कपाळ पांढरं दिसतंय म्हणून हाताने पुसणारी मुलगी, आणि मग आपला पिवळा पॅक. बस. एसपीएफ म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा किती, त्यात काय काय घातलंय, हे तिथे कोंबायचं नाही. क्रिएटर, म्हणजे सोशल मीडियावर स्वतःचे व्हिडिओ टाकणारा माणूस, त्याच्या व्हिडिओचं काम पुरावा देणं, म्हणजे वेगवेगळ्या रंगाच्या चार-पाच जणांनी एका गालावर लावून, दुसरा गाल तसाच ठेवून, दिवसाच्या उजेडात कट न करता दाखवणं. इथे क्रिएटरला स्क्रिप्ट देऊ नका, करायची कृती द्या, शब्द त्याचे असू देत, नाहीतर ती दुसरी जाहिरातच होते, आणि पैसे दिले असतील तर ते स्पष्ट दिसू द्या. सर्चवर येणारा माणूस आधीच प्रश्न घेऊन आलेला असतो, 'सनस्क्रीनने चेहरा पांढरा का दिसतो' असा, तर वेबसाइटवर त्याचं सरळ उत्तर देणारं पान पाहिजे, होमपेजवर नेऊन सोडायचं नाही. ऑनलाइन दुकानातल्या पानावर पहिला फोटो पॅकचा, दुसरा त्या दोन गालांचा, आणि तपशील खाली. पॅकच्या समोर वाक्याचं सगळ्यात छोटं रूप, मागे किती लावायची आणि किती वेळाने परत लावायची. आणि कस्टमर केअरकडे एक छोटी नोट, की 'मला तरी पांढरं दिसतंय' अशी तक्रार आली तर आधी विचारा किती घेतली, कशी पसरवली, आणि तरी जमत नसेल तर पैसे परत कसे करायचे.

बघा, कुठेच तेच वाक्य जसंच्या तसं चिकटवलं नाही, पण कुठूनही आत आलात तरी कळतं ते एकच. आणि प्रत्येक ठिकाण पुढच्या ठिकाणी हात धरून नेतं, व्हिडिओ बघून सर्च, सर्चवरून पान, पानावरून शेल्फ. हा पुढे नेणारा धागा प्लॅनमध्ये बाणांनी काढा. ज्या माध्यमातून बाण बाहेर पडत नाही आणि विक्रीही होत नाही ते का ठेवलंय हे विचारा.

कोका-कोलाचं 'शेअर अ कोक' म्हणूनच मला शिकवायला आवडतं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालं, बाटलीवर ब्रँडच्या नावाच्या जागी तिथली १५० लोकप्रिय नावं छापली. बाटली हातात घेणारा माणूस मित्राचं नाव शोधतो, फोटो काढतो, पोस्ट करतो. ज्याचं नाव यादीत नाही त्याच्यासाठी मॉलमध्ये नाव छापून द्यायची सोय, आणि सिडनीच्या मोठ्या कोक साइनवर लोकांनी मेसेजने पाठवलेली नावं. पॅकने सोशल मीडियाला खाद्य दिलं, सोशल मीडियाने मॉलमध्ये माणसं आणली, आणि रंग, अक्षरांचं वळण मात्र तेच जुनं राहिलं, म्हणून नाव काढूनही बाटली कोणाची हे विचारावं लागलं नाही. नंतर ही कल्पना ७० हून जास्त देशांत गेली.

आतल्यांना आधी सांगा

हा भाग सगळे शेवटी ठेवतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. कॅम्पेन बाहेर जायच्या आधी सेल्स, कस्टमर केअर, स्टॉक बघणारे, फायनान्स, कायद्याचं बघणारे आणि दुकानदार यांना ते माहीत पाहिजे, आणि फक्त माहीत नाही तर 'हे जमणार नाही' म्हणायची त्यांना संधी पाहिजे.

ब्रिटनमध्ये हूवरने १९९२ मध्ये काय केलं ते वाचलं की पटेल. व्हॅक्यूम क्लीनर, वॉशिंग मशिन विकणारी कंपनी, माल पडून होता, तर ऑफर काढली की १०० पौंडांची खरेदी करा आणि विमानाची दोन परतीची तिकिटं फुकट, आधी युरोपची आणि मग अमेरिकेचीही. हिशेब असा होता की अटी आणि फॉर्मचा त्रास बघून बरेच जण मागे फिरतील. लोक मागे फिरले नाहीत. नको असलेले व्हॅक्यूम क्लीनर लोकांनी केवळ तिकिटासाठी घेतले, मागणी इतकी आली की ती पुरवताच येईना, कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, नुकसान ५ कोटी पौंडांच्या आसपास गेलं आणि १९९५ मध्ये हूवरचा युरोपातला धंदा विकला गेला. या ऑफरचा ब्रँडच्या कबुलीशी, म्हणजे घर स्वच्छ ठेवणाऱ्या भरवशाच्या मशिनशी, काही संबंध नव्हता, आणि वर ती ऑफर गिऱ्हाइकाने वापरू नये यावरच तिचं गणित उभं होतं. जी ऑफर सगळ्यांनी घेतली तर आपण बुडू ती काढूच नका. हा नियम मी फायनान्सच्या माणसाला मीटिंगला बसवून पाळतो, कारण मार्केटिंगची माणसं उत्साहात असतात आणि उत्साहात बेरीज कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट साधी आहे पण सारखी हुकते. जाहिरात सुरू झाली आणि दुकानात मालच नाही. म्हणून क्रम असा ठेवा, आधी माल शेल्फवर आणि ऑनलाइन, मग आतल्या लोकांचं ब्रीफिंग, मग पत्रकार आणि क्रिएटर यांच्यापर्यंत गोष्ट, मग मोठी जाहिरात, आणि तिच्या मागोमाग सर्च आणि रिटार्गेटिंग, म्हणजे एकदा येऊन गेलेल्यांना परत दाखवायची जाहिरात. मोठ्या जाहिरातीनंतर लोक नाव शोधायला लागतात, त्या दिवशी सर्चवर प्रतिस्पर्ध्याची जाहिरात वर असेल तर तुमच्या पैशावर त्याचं गिऱ्हाईक तयार झालं.

टेबलावर कोण बसणार

एकच ब्रीफ, म्हणजे एजन्सीला काय हवंय ते सांगणारा कागद, दोन पानांपेक्षा मोठा नाही, आणि सगळ्या एजन्सी एकाच खोलीत किंवा एकाच कॉलवर तो ऐकणार. व्हिडिओवाल्यांना सोमवारी, सोशलवाल्यांना गुरुवारी असं केलंत की दोन ब्रीफ तयार होतात, कागद तोच असला तरी. आणि एक माणूस असा पाहिजे ज्याला नाही म्हणता येतं. कमिटी नको. कमिटीत प्रत्येक जण आपला एक मुद्दा घुसवतो आणि एका वाक्याची सात वाक्यं होतात.

याचा अर्थ सगळं जखडून टाकायचं असा नाही. पुरुषांच्या अंघोळीच्या वस्तू विकणाऱ्या ओल्ड स्पाइसने २०१० मध्ये फेब्रुवारीत जाहिरात आणली, अभिनेता इसाया मुस्तफा टॉवेल गुंडाळून थेट कॅमेऱ्याशी बोलतो ती, आणि जुलैमध्ये तोच माणूस, तोच बाथरूम, तोच आवाज घेऊन लोकांच्या ऑनलाइन प्रश्नांना दोन-तीन दिवसांत १८० हून जास्त छोट्या व्हिडिओंमधून उत्तरं दिली. इतक्या वेगाने ते जमलं कारण लिहिणारे, शूट करणारे आणि मंजुरी देणारे एकत्र बसले होते आणि पात्र कसं बोलतं हे आधीच पक्कं होतं. चौकट पक्की असली की वेग येतो. जिथे प्रत्येक पोस्टला पाच सह्या लागतात तिथे चौकट कोणाला माहीतच नाही असं समजा.

पैसे कसे वाटायचे

लेस बिनेट आणि पीटर फील्ड या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या आयपीए या जाहिरात व्यवसायाच्या संस्थेकडे बक्षिसांसाठी आलेल्या कॅम्पेनच्या केस बघून २०१३ मध्ये मांडलेला अंदाज बहुतेकांना माहीत असतो, साधारण ६० टक्के ब्रँड बांधण्यावर आणि ४० टक्के तातडीच्या विक्रीवर. ते सरासरीवरून काढलेलं आहे, कॅटेगरी बदलली, ब्रँड नवीन असला की आकडा हलतो हे त्यांनीही सांगितलंय, त्यामुळे पाट्यावर कोरून ठेवू नका. पण दिशा लक्षात ठेवा. क्लिक आणि सूट यांचा परिणाम लगेच दिसतो म्हणून सगळा पैसा हळूहळू तिकडेच घसरतो, आणि मग वर्षा-दोन वर्षांत असं होतं की सूट दिल्याशिवाय कोणी घेतच नाही. बजेट थोडं असेल तर माध्यमं कमी करा, प्रत्येकात चिमूटभर टाकू नका. तीन ठिकाणी पुरेसं बोललेलं दहा ठिकाणी पुटपुटण्यापेक्षा बरं.

मोजायचं काय

प्रत्येक माध्यमाला दिलेल्या कामावर मोजा. प्रॉब्लेम आठवून देणाऱ्या व्हिडिओला क्लिक किती आले विचारणं अन्याय आहे, त्याला विचारा किती लोकांपर्यंत गेला आणि नंतर ब्रँडचं नाव सर्च करणारे वाढले का. क्रिएटरच्या व्हिडिओखालच्या कॉमेंट वाचा, मोजू नका, वाचा. लिंकना यूटीएम, म्हणजे माणूस कुठल्या कॅम्पेनमधून आला ते सांगणारे टॅग, लावा, सगळ्या टीमने नावं एकाच पद्धतीने द्यायची, नाहीतर महिन्याच्या शेवटी रिपोर्टमध्ये एकाच कॅम्पेनची आठ नावं निघतात. आणि शेवटच्या क्लिकला सगळं श्रेय देऊ नका, कारण सर्चवर येऊन विकत घेणारा माणूस तिथे कोणामुळे आला हे तो क्लिक सांगत नाही.

खरं उत्तर हवं असेल तर एक साधी टेस्ट आहे. विक्री आणि लोकवस्ती साधारण सारखी असलेले दोन भाग निवडा, एकात व्हिडिओ चालू, दुसऱ्यात बंद, बाकी माल, भाव, ऑफर सगळं तेच, आणि काही आठवडे दोन्हीकडची विक्री बघा. मधे कोणी घाबरून दुसऱ्या भागात ऑफर काढली की टेस्ट गेली, तेव्हा सेल्सला आधी सांगून ठेवा.

बिघडलं तर

बिघडतं, चांगल्या चांगल्यांचं बिघडतं. डव्हने २००४ पासून खऱ्या बायका, खरं सौंदर्य ही कल्पना किती वर्षं जपली, आणि २०१७ मध्ये फेसबुकवरच्या एका छोट्या क्लिपमध्ये कृष्णवर्णी बाई टीशर्ट काढते आणि खालून गोरी बाई निघते असं दिसलं, लोक भडकले, क्लिप काढावी लागली, माफी मागावी लागली. मोठ्या फिल्मवर शंभर डोळे असतात, छोट्या क्लिपवर दोन, म्हणून छोट्या गोष्टींची तपासणीसुद्धा त्या एका वाक्यासमोर ठेवूनच करा, आणि ती बाहेरच्या, वेगळ्या घरातून आलेल्या माणसाला दाखवा.

तयारी म्हणून एक पान असू द्या. शेड्यूल केलेल्या पोस्ट कोण थांबवणार, चालू जाहिराती कोण बंद करणार, पहिलं उत्तर कोण लिहिणार, आणि तेच उत्तर कस्टमर केअर, दुकानदार आणि पत्रकार यांच्याकडे किती वेळात पोचणार. गडबड सुरू असताना एकीकडे माफी आणि दुसरीकडे आधीच लावून ठेवलेली हसरी ऑफरची पोस्ट बाहेर पडली की लोकांचा माफीवरचा विश्वासही जातो.

छोटा ब्रँड असेल, माणसं दोन-तीनच असतील, तर हे सगळं एकदम जमणार नाही आणि गरजही नाही. या आठवड्यात फक्त यादी करा आणि वाक्य लिहा. पुढच्या आठवड्यात ऑनलाइन दुकानातलं पान, पॅकची मागची बाजू आणि कस्टमर केअरची उत्तरं त्या वाक्याप्रमाणे बदला, यातलं काहीच माध्यम विकत घ्यावं लागत नाही, पॅकचं तेवढं पुढच्या छपाईच्या वेळी करा म्हणजे जुना माल वाया जाणार नाही. जाहिरातीचे पैसे त्यानंतर काढा.